पंचाची जागा : फ्री थ्रोच्या निमित्ताने एक पाठ

स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीचे, वसतिगृहातील दिवसांचे आणि या कार्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांचे स्मरण असते. ते तसेच असावे. परंतु शाळेच्या स्मरणिकेत एखादा पाठही असावा, असे आम्हांस वाटते. म्हणून क्रीडा विभागात काम करणारे आम्ही शिक्षक या पानांवर एक लहानसा पाठ मांडत आहोत. त्याचा विषय मर्यादित आहे : बास्केटबॉलच्या सामन्यात फ्री थ्रो घेतला जात असताना पंचांनी कोठे उभे राहावे आणि कोणी काय पाहावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे खेळले, त्यांना यातील बराच भाग ओळखीचा वाटेल. पालकांपैकी अनेकांनी हा खेळ केवळ मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिला असेल. दोघांनाही कळावे अशा रीतीने लिहिण्याचा आम्ही प्रयत्न केला आहे. हा पाठ आम्ही पुस्तकातून शिकलो, त्याआधी स्वतःच्या चुकीतून शिकलो. म्हणून आरंभ त्या चुकीपासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

एक चूक

काही वर्षांपूर्वी तालुकास्तरावरील सतरा वर्षांखालील मुलांच्या एका अंतिम सामन्यात आम्ही पंच होतो. दोन्ही संघ अन्य शाळांचे होते. कोणत्याही संघात आमचा विद्यार्थी नव्हता, नातलग नव्हता. सामना संपण्यास काही सेकंद उरले असता एक संघ एका गुणाने मागे होता आणि त्याच्या खेळाडूस दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला पडला, बरोबरी झाली. दुसरा रिंगवर आपटून बाहेर आला आणि विरुद्ध संघातील एका सडपातळ मुलाने उंच उडी घेऊन चेंडू पकडला. आम्ही शिट्टी वाजवली. तो मुलगा वेळेपूर्वीच आत शिरला, असा आमचा निर्णय होता. नियमाप्रमाणे फ्री थ्रो पुन्हा देण्यात आला, तो पडला आणि सामना एका गुणाने संपला.

तो मुलगा आमच्यापाशी आला. वाद न घालता एवढेच म्हणाला, “सर, चेंडू हातातून सुटल्यावरच मी आत आलो.” निर्णय झाला आहे, असे सांगून आम्ही त्यास परत पाठवले.

त्याच सायंकाळी एका प्रेक्षकाने मोबाइलवर घेतलेले चित्रण आमच्या पाहण्यात आले. चेंडू हातातून सुटला तेव्हा त्या मुलाचे दोन्ही पाय रेषेबाहेर होते. तो खरे बोलत होता. त्याच चित्रणात आम्हीही दिसत होतो : रिंगच्या अगदी खाली, मान वर करून चेंडू पाहत असलेले. दुसरे पंच त्या वेळी राखीव खेळाडूंच्या बाकाजवळ कोणाशी तरी बोलत होते. त्या पाच खेळाडूंच्या पायांकडे दोघांपैकी कोणीही पाहत नव्हते. आमची नजर खाली आली तेव्हा तो मुलगा आत होता. म्हणून तो आधीच आला असावा, असे आम्ही गृहीत धरले. पंचाने अनुमानावर शिट्टी वाजवली होती.

निकाल बदलणे शक्य नव्हते. पुढल्या आठवड्यात आम्ही एस. टी. ने मुरबाडच्या बाजूस असलेल्या त्याच्या शाळेत गेलो आणि त्याच्या संघासमोर चूक मान्य केली. तो मुलगा आम्हांस मैदानावर घेऊन गेला. फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकापासून बरेच दूर, बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, तुमच्यापैकी एक जण इथे असता तर दिसलं असतं.” त्याने दाखवलेली जागा जवळजवळ तीच होती, जी पंचांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत सांगितलेली आहे.

शालेय क्रीडा स्पर्धांची पायरी तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी चढत जाते. तालुक्याला हरलेला संघ जिल्ह्याला जात नाही. वरच्या पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडागुणांची सवलत मिळू शकते, आणि पुढे नोकरभरतीत खेळाडू म्हणून संधीही. शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरून आलेल्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही. म्हणून तालुक्याच्या सामन्यातील पंचाची जबाबदारी राज्यस्तरावरील पंचाहून कमी नसते.

फ्री थ्रो म्हणजे काय

बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. आमच्याकडील डोंगरउतारावर धावण्याचा मोठा मार्ग आखणे कठीण. पण एवढी सपाट जागा बहुतेक शाळांना काढता येते. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. एखाद्या खेळाडूवर चेंडू टाकत असताना विरुद्ध संघाने फाऊल केला, तर त्याला विनाअडथळा चेंडू टाकण्याची संधी दिली जाते. तोच फ्री थ्रो. प्रत्येक यशस्वी फ्री थ्रोचा एक गुण.

फ्री थ्रोची रेषा ३.६० मीटर लांब असून तिची बाहेरची कड बेसलाइनच्या आतल्या कडेपासून ५.८० मीटर अंतरावर असते. ही रेषा आणि बेसलाइन यांच्यामध्ये ४.९० मीटर रुंदीचा जो रंगवलेला भाग दिसतो, त्यास या लेखात आपण आखीव क्षेत्र म्हणू. २०१० पूर्वी शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांना हे क्षेत्र खाली पसरट होत जाणारे, समलंब चौकोनासारखे आठवत असेल. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि ते आयताकृती झाले.

आखीव क्षेत्राच्या दोन्ही बाजूंच्या रेषांवर खेळाडूंच्या उभे राहण्याच्या जागा खुणांनी दाखवलेल्या असतात. बेसलाइनपासून १.७५ मीटरवर पहिली जागा सुरू होते. प्रत्येक जागा ८५ सेंटिमीटर रुंद असते आणि पहिल्या जागेनंतर ४० सेंटिमीटरची एक रिकामी पट्टी सोडलेली असते. या जागांवर जास्तीत जास्त पाच खेळाडू उभे राहतात : बचाव करणाऱ्या संघाचे तीन आणि चेंडू टाकणाऱ्याच्या संघाचे दोन. रिंगजवळच्या पहिल्या दोन्ही जागा बचाव करणाऱ्यांच्या. उरलेल्या चार खेळाडूंनी फ्री थ्रोच्या रेषेच्या मागे आणि तीन गुणांच्या रेषेच्याही बाहेर राहावयाचे असते.

पंचांना काय काय पाहावे लागते

फ्री थ्रोच्या वेळी घड्याळ थांबलेले असते, दहाही खेळाडू जागच्या जागी असतात आणि मैदानावर क्षणभर शांतता पसरते. धावून दमलेल्या पंचांना ही विश्रांतीची वेळ वाटते. गफलत नेमकी येथे होते. खरे पाहता त्या काही क्षणांत पुढील सर्व गोष्टी एकाच वेळी पाहावयाच्या असतात.

पहिली, चेंडू टाकणाऱ्याचे पाय. चेंडू रिंगमध्ये जाईपर्यंत अथवा रिंगला लागेपर्यंत त्याने रेषेला स्पर्श करावयाचा नाही आणि आत यावयाचे नाही. दुसरी, त्याची वेळ. चेंडू हाती मिळाल्यापासून पाच सेकंदांत तो टाकला पाहिजे, आणि टाकण्याची हूल देता कामा नये. तिसरी, चेंडूचा मार्ग आणि रिंग. चौथी, दोन्ही बाजूंच्या रांगांमधील पाच खेळाडूंचे पाय. चेंडू हातातून सुटेपर्यंत त्यांनी आपली जागा सोडावयाची नसते. पाचवी, त्यांचे हात व कोपरे, कारण चेंडू परत आला तर ढकलाढकलीचे फाऊल येथेच होतात. सहावी, मागे उभे असलेले चार खेळाडू. सातवी, गुणलेखक व घड्याळ सांभाळणाऱ्यांचे टेबल.

एका मनुष्यास इतके पाहणे शक्य नाही. दोघांना शक्य आहे. मात्र दोघांनी पाहण्याची वाटणी करून घेतली पाहिजे.

ही वाटणी खेळाइतकीच जुनी आहे. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे डॉ. जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात खेळता यावा म्हणून हा खेळ तयार केला. त्याचे मूळ नियम तेरा होते. त्यांत दोन पंचांची कामे वेगळी सांगितलेली होती : एकाने माणसांचा न्याय करावा आणि दुसऱ्याने चेंडूचा. त्या तेरा नियमांत फ्री थ्रो नव्हता; तो थोड्याच वर्षांत आला. परंतु “एकाने माणसे पाहावीत, दुसऱ्याने चेंडू पाहावा” हे तत्त्व आज फ्री थ्रोच्या वेळी सर्वांत स्पष्टपणे उपयोगी पडते. आमच्या त्या सामन्यात दोघांपैकी एक चेंडू पाहत होता आणि माणसे कोणीच पाहत नव्हते.

पुढचा पंच आणि मागचा पंच

दोन पंचांच्या पद्धतीत बेसलाइनजवळ असणाऱ्यास लीड आणि खेळाच्या मागे असणाऱ्यास ट्रेल म्हणतात. आपण त्यांना पुढचा पंच व मागचा पंच म्हणू.

चेंडू देण्याचे काम पुढच्या पंचाचे. तो चेंडू घेऊन रिंगखाली आखीव क्षेत्रात येतो. तेथे घाई करू नये. फ्री थ्रो ज्याला मिळाला तोच खेळाडू रेषेवर आहे ना, किती फ्री थ्रो आहेत, रांगांत योग्य संख्येने व योग्य क्रमाने खेळाडू उभे आहेत ना, खेळाडू बदलण्याची मागणी टेबलावर प्रलंबित नाही ना, आणि आपला जोडीदार तयार आहे ना, हे सर्व एकदा पाहून घ्यावे. मग बोटांनी संख्या दाखवावी, तोंडाने स्पष्ट सांगावी आणि एक टप्पा देऊन चेंडू खेळाडूकडे टाकावा.

चेंडू दिल्यावर मात्र पुढच्या पंचाने तेथे थांबू नये. मागे सरून बेसलाइनच्या बाहेर जावे आणि आखीव क्षेत्राच्या कडेपासून सुमारे एक मीटर बाजूला उभे राहावे. रिंगखाली थांबणाऱ्याच्या अंगावर पाच खेळाडू धावून येणार असतात आणि तो त्यांच्या वाटेत उभा असतो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रिंगखालून पाहताना दोन्ही रांगा नजरेच्या दोन टोकांना पडतात; एकीकडे पाहिले की दुसरी सुटते, आणि डोक्यावर चेंडू असल्याने मान आपोआप वर जाते. आमची गेली तशी.

मागच्या पंचाची जागा फ्री थ्रोच्या रेषेच्या विस्तारावर असते. ही रेषा मनाने बाजूला वाढवत नेली की ती जेथे तीन गुणांच्या कमानीला मिळते, तेथे त्याने उभे राहावे. मोजमापाने पाहिल्यास ही जागा चेंडू टाकणाऱ्यापासून सुमारे सव्वापाच मीटरवर येते. दोन्ही पंच मैदानाच्या एकाच बाजूस नसतात. मागचा पंच एका बाजूस असेल तर पुढचा पंच दुसऱ्या बाजूच्या बेसलाइनवर. दोघे एकमेकांस तिरके समोरासमोर असतात आणि आखीव क्षेत्र दोघांच्या मध्ये येते.

आता पाहण्याची वाटणी. मागच्या पंचाकडे चेंडू टाकणाऱ्याचे पाय, पाच सेकंदांची मोजणी, चेंडूचा मार्ग व रिंग, मागे उभे असलेले खेळाडू, आणि त्याच्या समोरच्या बाजूची रांग. फ्री थ्रो पडला की गुण झाल्याची खूण तोच करतो. शेवटचा फ्री थ्रो हुकला आणि खेळ चालू राहिला, तर मैदानावरील खेळाडूचा चेंडूला स्पर्श होताच घड्याळ सुरू करण्याची खूणही त्याचीच. पुढच्या पंचाकडे त्याच्या समोरच्या बाजूची रांग आणि रिंगखालची धक्काबुक्की. पुढच्या पंचाने चेंडू पाहावयाचा नाही. ऐकायला सोपे, आचरणास अत्यंत अवघड. कारण त्या क्षणी मैदानाभोवतीचे सर्व डोळे चेंडूवर असतात.

मोठ्या स्पर्धांत तीन पंच असतात. तेव्हा तिसरा पंच रेषेच्या विस्तारावर येतो आणि मागच्या पंचास आणखी मागे राहून उरलेल्या खेळाडूंकडे लक्ष देता येते. तत्त्व मात्र तेच.

समोरची रांग का

प्रत्येक पंच आपल्या जवळची नव्हे, तर समोरची रांग पाहतो. याचे आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटते. जवळचे अधिक स्पष्ट दिसावे, अशी त्यांची समजूत असते.

याचे उत्तर आमच्या शेतांत आहे. चारसूत्री पद्धतीने भाताची लावणी करताना दोरी धरून रोपे लावतात. चूड दोरीला धरून लागली की पुढे-मागे झाली, हे दोरीच्या टोकाशी उभे राहून दोरीच्या रेषेत पाहिले म्हणजे लगेच कळते. बाजूला उभे राहून कळत नाही. चेंडू टाकणाऱ्याचा पाय रेषेला लागला की नाही, हे पाहण्यासाठी म्हणूनच रेषेच्या विस्तारावर उभे राहावे लागते. मागच्या पंचाची जागा तेथे आहे ती यासाठी.

रांगेतील खेळाडूंची गोष्ट याहून वेगळी. जवळच्या रांगेत खेळाडू एकामागे एक झाकले जातात. पंचाला बहुधा पाठी दिसतात, आणि पाय रेषेच्या पलीकडे गेला की नाही हे पाठीमागून समजत नाही. समोरच्या रांगेकडे पाहताना खेळाडूंचे चेहरे, हात, पावले आणि पावलांपुढची रेषा हे सारे एकाच चौकटीत येते. मधले आखीव क्षेत्र रिकामे असल्याने आड कोणी येत नाही. शिवाय पाच-सहा मीटरच्या अंतरामुळे दोन-तीन खेळाडू मान न हलवता दिसतात. पंचाने जवळ असावे हे खरे. पण दिसेल इतके दूरही असावे.

शिट्टी केव्हा

योग्य जागेवरून पाहिलेल्या गोष्टीचाही निर्णय नियमानुसार व्हावयास हवा. येथे आमच्या भागातील सामन्यांत नेहमी गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात सांगतो.

चेंडू टाकणाऱ्याने स्वतः नियमभंग केला, तर चेंडू रिंगमध्ये गेला तरी गुण धरला जात नाही. शेवटचा फ्री थ्रो असेल तर चेंडू विरुद्ध संघास मिळतो. अन्य कोणी वेळेपूर्वी आत शिरला आणि तरीही चेंडू पडला, तर गुण धरावा व नियमभंगाकडे दुर्लक्ष करावे. शेवटचा फ्री थ्रो हुकला आणि टाकणाऱ्याच्या साथीदाराने नियमभंग केला असेल, तर चेंडू विरुद्ध संघास. बचाव करणाऱ्याने केला असेल, तर त्याऐवजी दुसरा फ्री थ्रो. दोन्ही संघांकडून झाला असेल, तर जंप बॉलच्या नियमाने निर्णय.

याचा अर्थ असा की रांगेतील खेळाडू लवकर शिरताना दिसला, तरी शिट्टी तत्काळ तोंडात फुंकू नये. काय पाहिले ते मनात धरावे, चेंडूचे काय होते ते कळू द्यावे, मग बोलावे. घाईची शिट्टी अनेकदा पडत असलेल्या चेंडूचा गुण वादात ढकलते.

म्युनिकमधील तो क्षण

आपल्या लहान मैदानांवरच अशी गफलत होते, असे कोणी समजू नये. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघ ४९-४८ असा पुढे होता. तीन सेकंद उरले असता अमेरिकेच्या डग कॉलिन्स यास दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला पडला. दुसऱ्यासाठी तो चेंडू उचलत असतानाच टेबलावरचा भोंगा वाजला. मुख्य पंच ब्राझीलचे रेनातो रिगेतो यांची मान त्या आवाजासरशी टेबलाकडे वळली; पण त्यांनी खेळ थांबवला नाही. कॉलिन्सने दुसराही फ्री थ्रो टाकला. अमेरिका ५०-४९.

त्यानंतर सोव्हिएत प्रशिक्षकांनी आपण टाइम-आऊट मागितला होता, असा दावा केला. खेळ थांबला, घड्याळ मागे नेण्यात आले, शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले आणि अखेर सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला. रिगेतो यांनी गुणपत्रकावर सही करण्यास नकार दिला. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके आजवर स्वीकारलेली नाहीत.

त्या वादास अनेक कारणे होती आणि सर्व दोष एका पंचाचा नव्हता. आमच्या पाठापुरते त्यातून दोन धडे मिळतात. चेंडू खेळाडूच्या हाती देण्यापूर्वी टेबलाकडे पाहून घ्यावे, कारण दिल्यानंतर तेथे पाहण्यास वेळ नसतो. आणि अनपेक्षित काही घडलेच, तर एकतर शिट्टी वाजवून खेळ थांबवावा किंवा नजर आपल्या कामावर ठेवावी. मान वळवणे आणि खेळही चालू ठेवणे, हा तिसरा मार्ग सर्वांत घातक.

आपल्या मैदानांवरील अडचणी

पुस्तिकेतील मैदान लाकडी किंवा गुळगुळीत सिमेंटचे असते. आमच्याकडे अनेक ठिकाणी ते मुरूम चोपून केलेले असते आणि रेषा फक्कीने आखलेल्या असतात. अंतिम सामन्यापर्यंत फ्री थ्रोची रेषा शेकडो पावलांखाली पुसली जाते. रेषाच दिसत नसेल तर तिच्या विस्तारावर उभे राहून उपयोग काय? म्हणून मध्यंतरात किमान फ्री थ्रोच्या दोन रेषा आणि आखीव क्षेत्राच्या कडा पुन्हा आखून घ्याव्यात. पावसाळ्यात सिमेंटच्या मैदानाच्या कडेला शेवाळ धरते. खेळाडूंचा वावर मध्यभागी अधिक असल्याने तेथील शेवाळ निघते, पण पुढच्या पंचाची जागा बेसलाइनबाहेर असल्याने ती निसरडीच राहते. सामन्यापूर्वी ती जागा घासून घ्यावी. प्रेक्षकांची मुले बेसलाइनला चिकटून बसतात. त्यांना प्रेमाने दोन मीटर मागे बसवावे. पंचाला मागे सरण्यास जागा उरली नाही, की तो रिंगखालीच थांबतो.

सर्वांत मोठी अडचण म्हणजे दुसरा पंच न मिळणे. अधिकृत सामन्यास किमान दोन पंच हवेतच. तेथे तडजोड करू नये. परंतु शाळेतील सराव सामन्यांत एकटाच शिक्षक असतो. अशा वेळी आम्ही पुढील प्रथा पाळतो. शिक्षकाने चेंडू देऊन रेषेच्या विस्तारावर, मागच्या पंचाच्या जागी जावे. पुढच्या पंचाच्या जागी मोठ्या वर्गातील एक विद्यार्थी उभा करावा. त्याने शिट्टी वाजवू नये. समोरच्या रांगेतील कोणी लवकर शिरल्यास केवळ हात वर करावा. ही नियमपुस्तिकेतील पद्धत नव्हे. पण तिच्यामुळे मुले पाहण्यास शिकतात.

वर्गात घेण्यासारखा एक प्रयोगही सांगतो. एका विद्यार्थ्याने दहा फ्री थ्रो टाकावेत. रांगेतील पाच जणांना कानात सांगावे की कोणत्या वेळी कोणी मुद्दाम लवकर शिरावयाचे. एक निरीक्षक रिंगखाली उभा करावा, एक पुढच्या पंचाच्या जागी आणि एक मागच्या पंचाच्या जागी. प्रत्येकाने जे दिसले ते न बोलता कागदावर लिहावे. शेवटी तिन्ही कागद शेजारी ठेवावेत. तेच डोळे, तोच खेळ आणि तीच मुले. तरी कागद वेगवेगळे निघतात. मग निरीक्षकांनी जागा बदलाव्यात. ज्या मुलाचा कागद आधी चुकला होता, त्याचाच आता बरोबर येतो. याहून अधिक समजावण्याची गरज आम्हांस आजवर पडलेली नाही.

चार अगती आणि पंच

सिगालोवाद सुत्तात मनुष्याला अन्यायाकडे नेणाऱ्या चार अगती सांगितल्या आहेत : छंद, द्वेष, भय आणि मोह. आपल्या संस्कारवर्गांत त्या प्रत्येकाने ऐकल्या आहेत. पंचाला त्या जशा लागू पडतात, तशा फार थोड्यांना पडत असतील. आपल्या माणसाविषयीच्या ओढीने, रागाने किंवा जमावाच्या भीतीने दिलेला निर्णय अन्यायाचा असतो, हे सर्वांना पटते. त्या दिवशीच्या आमच्या निर्णयात या तिन्ही गोष्टी नव्हत्या. आम्हांस कोणाविषयी ओढ नव्हती, राग नव्हता, भय नव्हते. तरीही अन्याय झाला. तो चौथ्या वाटेने आला : आम्ही पाहिले नव्हते आणि पाहिले आहे असे समजलो.

म्हणून पंच होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही आता केवळ “निःपक्षपाती राहा” असे सांगत नाही. मन स्वच्छ असणे आवश्यकच. परंतु जेथून सत्य दिसते तेथे चालत जाऊन उभे राहणे, हेही त्याच निःपक्षपातीपणाचे अंग आहे. ते सव्वापाच मीटर चालण्याचा कंटाळा केला, तर स्वच्छ मनाचा माणूसही एखाद्या मुलाचा खरा शब्द खोटा ठरवतो.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

मुंबईतील नागपाड्यासारख्या दाटीच्या, कष्टकऱ्यांच्या वस्तीने गुलाम अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारतीय संघाचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी दिला. लहान मैदानातूनही मोठे खेळाडू घडतात. पण खेळाडू घडण्यासाठी मैदान व चेंडू जितके लागतात, तितकेच नियम जाणणारे पंचही लागतात. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत खेळणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. प्रशिक्षित पंच मोजके आहेत.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी, आणि विशेषतः विद्यार्थिनींपैकी, ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांनी पंचपरीक्षेची तयारी करावी, अशी आमची विनंती आहे. आसनगावहून लोकलने कल्याण-ठाण्याला नोकरीसाठी जाणाऱ्यांना रविवारची एक सकाळ काढता आली, तरी पुरे. देणगीइतकेच हे दान मोलाचे आहे. शाळेच्या मैदानावर सरावास यावे. नियमपुस्तिका, शिट्टी आणि फक्कीची पिशवी आम्ही तयार ठेवू.

ज्याच्यावर आमच्याकडून अन्याय झाला, तो मुलगा खेळत राहिला. गेल्या हिवाळ्यात आमच्या मैदानावर झालेल्या सराव सामन्यास तो पाहुणा म्हणून आला होता. दुसरा पंच न आल्याने आम्ही त्यालाच विनंती केली. पहिला फ्री थ्रो मिळाला तेव्हा आम्ही चेंडू देऊन बेसलाइनबाहेर सरलो आणि समोर पाहिले. रेषेच्या विस्तारावर, कमानीच्या टोकाशी, तो आधीच येऊन उभा होता.